मागच्या गादीखालचं पाणी

मुरुमच्या रेवणप्पा शेटच्या मोटारीत पाणी कुठून शिरतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोहार म्हणायचा, दारांतून. शिंपी म्हणायचा, काचेच्या फटीतून. चावडीवरचे रिकामटेकडे म्हणायचे, लोखंडाला पावसाळ्यात घाम सुटतो, दुसरं काय. ठाऊक नव्हतं ते एकट्या बब्रुवानला, आणि मोटार चालवायचा नेमका तोच.

बब्रुवान काही आईच्या पोटातून ड्रायव्हर होऊन आला नव्हता. वीस वर्षं त्यानं शेटच्या घरचा टांगा हाकला. मग शेटनं गुलबर्ग्याच्या एका जहागीरदाराची जुनी मोटार घेतली, टांगा मोडीत काढला, आणि बब्रुवानला महिनाभर सोलापुरात ठेवून मोटार शिकवून आणलं. गाडी काळी, उंच, चार दारांची. वर टप होता तो पत्र्याचा नव्हे. लाकडी पट्ट्यांवर जाड मेणकापड ताणून बसवलेलं, आतल्या अंगाला तांबडं मखमली अस्तर. दिसायला मोठी ऐटबाज, पण पाऊस लागला की मागच्या गादीच्या डाव्या कोपऱ्यात पायाशी पाणी साचायचं. कधी तांब्याभर, कधी चांगली घागरभर.

आता नुसती गादीच भिजायची असती तर कुणी एवढा जीव काढला असता का? गोष्ट जगदेवीची होती.

जगदेवी ही शेटची एकुलती एक लेक, तुळजापूरच्या घाटाखाली तामलवाडीला दिलेली. मागच्या साली श्रावणात बब्रुवान तिला पंचमीला आणायला गेला. तिला तेव्हा चौथा महिना होता. घाटाच्या पायथ्यालाच पाऊस लागला तो थेट नळदुर्गापर्यंत. पोर मागं डाव्या कोपऱ्यात शाल पांघरून झोपली होती आणि बब्रुवान चिखलाचा रस्ता बघत, चाक सांभाळत पुढं बघून हाकत होता. मुरुमला दार उघडलं तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओठ निळे पडलेले. तिसऱ्या दिवशी ताप भरला. आठव्या दिवशी पोटातलं गेलं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशा गोष्टी होतात, पाण्याचाच दोष असेल असं काही नाही. पण डॉक्टरीणबाईंचं ऐकतंय कोण? बब्रुवानच्या मनानं तर घेतलंच होतं. एवढ्या वाटेत आपण एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही, हे त्याला आठवायचं आणि ताटातला घास ताटात राहायचा.

यंदा जगदेवीला पुन्हा दिवस राहिले. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण तामलवाडीहून तिच्या सासूचा, रुद्रम्माचा, निरोप आला, की आमची सून त्या मोटारीत पाऊल ठेवणार न्हाय, बाळंतपण इथंच हुईल. भाद्रपदाचा पाऊस, गाडीवाटेला बैल पोटापर्यंत रुतत होते, आणि सातव्या महिन्याची बाई बैलगाडीतून चार दिवस कोण आणणार? मोटार नाही म्हणजे माहेर नाही, असा सरळ हिशेब झाला.

तिची आई गिरिजाबाई त्या दिवशी अंगणात आली. बब्रुवान गाडी पुसत होता.

"बब्रुवान," ती म्हणाली, "मला दुसरं काय नगं. गाडी कोरडी करून दे. माझं लेकरू माझ्या हाताखाली बाळंत हुऊ दे."

"करतो अक्का," बब्रुवान म्हणाला.

वर्षभरात ह्या बाईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो.

मग बब्रुवाननं कंबर कसली. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून चारी दारांच्या कडांना चिकटवल्या. सफेदा आणि जवसाच्या तेलाचा लांबीचा लगदा मळून पुढच्या काचेभोवतीची सगळी फट भरून काढली. खाली सरपटत जाऊन पायाखालच्या फळ्यांना डांबर फासलं. प्रत्येक वेळी अंगणात गाडीवर वीस-वीस घागरी ओतायचा आणि आत वाकून बघायचा. आत ठणठणीत कोरडं. खूश होऊन तो पावसात उमरग्यापर्यंत चक्कर मारून यायचा, आणि परत येऊन बघावं तर डाव्या कोपऱ्यात पाणी. असं तीनदा झालं. लढाई संपली तरी पेट्रोलला अजून रेशनची चिठ्ठी लागत होती, ते असं उमरग्याच्या रस्त्यावर जाळायचं म्हणजे शेटही कुरकुरायला लागला. गाडी कोरडी झाली तर बघू, एवढं रुद्रम्माकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं, तो तामलवाडीला जायचा दिवस आठ दिवसांवर आला. बब्रुवाननं हात टेकले.

त्या दिवशी शेटच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळत होतं म्हणून गौराबाई आली होती. मुरुममध्ये मातीची माळवदं गळाली की तिलाच बोलावणं जायचं. साठीची, काटक बाई. डोक्यावर पांढऱ्या मातीची पाटी घेऊन शिडी अशी चढायची की तरण्या गड्यानं लाजावं. कामाची तिला भारी घमेंड, आणि घमेंड करावी असं कामही होतं. वरून ती बराच वेळ बब्रुवानचा खेळ बघत होती.

शेवटी तिच्यानं राहवलं नाही. "बब्रुवाना, गाडीला अंघोळ घालतुयास का काय?"

"पाणी कुठनं येतंय ते बघतुया, मावशे."

"आन् येतंय का?"

"न्हाय. हितं येतच न्हाय. रस्त्यावर येतंय."

गौराबाई शिडी उतरून खाली आली. हात पदराला पुसत तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि लांब उभी राहून अंगणाचा उतार बघितला. "गाडी अशीच हुबी करतुस का रोज? दाराकडं तोंड करून?"

"व्हय. उतारावर सोडली की आपसूक चालू व्हती. हँडल मारून खांदा जातुया."

"म्हंजे नाक खाली, ढुंगान वर."

"व्हय."

"आन् रस्त्यावर पाणी कवा येतंय? उताराला का चढाला?"

उमरग्याहून येतानाचा चढ, नळदुर्गाचा चढ, तुळजापूरचा घाट, सगळं बब्रुवानच्या डोळ्यांपुढून गेलं. पंधरा दिवस हा शहाणा माणूस स्वतःच्या खांद्याची काळजी घेत गाडी उताराला लावत होता आणि पाण्याला उलटं पुढच्या बाजूनं बाहेर काढून देत होता. त्याला स्वतःच्या अकलेची लाज वाटली.

"चढाला," तो म्हणाला.

"मग चढाला लाव की. आन् दुसरं ऐक. तू पाणी गळतंय तितं बघत बसलायस. माळवदाचं पाणी शिरतंय चुलीवर आन् गळतंय देवघरात. मधी वासं धरून चालत जातंय. माणसं देवघरावरच माती टाकीत बसत्यात, म्हणून तर माझं पोट चाललंय."

गाडी उलटी फिरवून नाक वर करून लावली, चाकांना धोंडे दिले. गौराबाईनं गाद्या काढायला लावल्या. मग म्हणाली, आतलं तांबडं कापड सोडव. बब्रुवानचा हात थबकला. मखमल मालकाच्या कौतुकाची, पाहुणा आला की शेट आधी ते अस्तर दाखवायचा. पण मग त्याला जगदेवीचे निळे पडलेले ओठ आठवले आणि त्यानं टाके उसवायला घेतले. कापड खाली लोंबलं. आतल्या लाकडी पट्ट्या उघड्या पडल्या. गौराबाईनं चुलीतली राख फडक्यातून चाळून पट्ट्यांवर, खांबांवर, तळाच्या फळ्यांवर सगळीकडं भुरभुरली, म्हणाली, "आता कंदील घिऊन आत बस. ही राख बोलंल. पर एक एक करून वतायचं. आधी खालनं. वरनं वतलं तर सगळंच वलं हुतंय आन् काय कळत न्हाय."

तिनं आधी दारांच्या खालच्या कडांवर पाणी मारलं. राख पांढरी. दारांवर मारलं. पांढरी. मागच्या डाव्या दाराची काच खाली करून त्या फटीत सरळ तांब्या ओतला. पाणी दाराच्या पोटातून खाली जाऊन भोकातून बाहेर जमिनीवर पडलं, आत एक थेंब नाही. पुढच्या काचेवर ओतलं, तरी पांढरी. मग तिनं स्टुलावर चढून टपावर घागर रिकामी केली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग पुढच्या काचेच्या वर, आडव्या लाकडाच्या पोटाला, राखेत चार काळे ठिपके उमटले. ठिपके मोठे झाले, एकात एक मिसळले. एक काळी रेघ निघाली आणि डावीकडची पट्टी धरून सावकाश मागं मागं सरकत गेली, मागच्या खांबाशी थांबली, वळली, खांबाच्या आतून खाली उतरली आणि डाव्या कोपऱ्यात फळीवर येऊन पसरली. जगदेवीचे पाय होते तिथंच.

बब्रुवान कंदील ठेवून बाहेर आला. स्टुलावर चढला. काचेच्या वर टपाच्या कडेला त्यानं बोटानं काळा रंग खरवडला. रंगाखाली भोकं होती, दोन इकडं आणि दोन तिकडं, मध्ये चार बोटांचं अंतर. ती भोकं त्यानंच पाडली होती.

गाडी आली तेव्हाची गोष्ट. टांग्याची हरणी नावाची घोडी म्हातारी होऊन त्याच महिन्यात गेली. बब्रुवान तिच्याजवळ बसून लहान पोरासारखा रडला होता. तिच्या पुढच्या पायाचा नाल त्यानं काढून ठेवला. घराच्या उंबऱ्याला नाल ठोकतात, मग एवढ्या महागाच्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून का ठोकू नये? खंडेनवमीला गाडीची पूजा झाली तेव्हा त्यानं हरणीचा नाल गाडीच्या कपाळावर चार खिळ्यांनी ठोकला. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढं शेट तालुकदारसाहेबाच्या कचेरीत गेला, तिथले कारकून नाल बघून हसले, आणि शेटनं घरी येऊन सांगितलं, काढ ते. बब्रुवाननं मुकाट्यानं काढला. भोकांत मेण भरलं, वरून काळा रंग दिला, आणि विसरून गेला. मेण चैत्राच्या उन्हात वितळून गेलं असणार, वरचा रंग तेवढा पापुद्र्यासारखा राहिला. नाल अजून त्याच्या स्वतःच्या दारावर होता. रोज येता-जाता त्याला हात लावून तो कामावर यायचा.

गौराबाई खालून बघत होती. "खिळ्याची हायेत," ती म्हणाली.

"व्हय."

"कुणी मारले?"

बब्रुवान बोटावरचा काळा रंग धोतराला पुसत राहिला.

"ऱ्हाऊ दे. म्या माळवदाची बाई, मला काय करायचंय. बुजीव नीट." असं म्हणून ती आपली पाटी उचलून पुन्हा वर गेली.

बुजवलं ते मात्र असं बुजवलं की बघत राहावं. टपाच्या कापडाची पुढची कड सोडवली. खालचं लाकूड भोकांभोवती मऊ पडून कुजलं होतं, ते पटाशीनं खरवडून काढलं. बाभळीच्या चार खुंट्या तासल्या, जवसाच्या तेलात रात्रभर भिजवल्या आणि ठोकून बसवल्या. ओल लागली की त्या फुगून आणखीच घट्ट होणार. वर मांजरपाटाचा तुकडा राळेत बुडवून चिकटवला, मग कापड पुन्हा ताणलं आणि दोन हात रंग दिला. चौथ्या दिवशी गाडी चढाला लावून तीस घागरी ओतल्या. राख पांढरीफेक राहिली.

"काय हुतं रं?" शेटनं विचारलं.

"टपाला भोकं पडली हुती, मालक. जुनं झालंय कापड."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. शेट खूश झाला. गिरिजाबाईनं त्याला ओसरीवर बसवून स्वतःच्या हातानं हुग्गी वाढली. गव्हाची, गुळाची ती गोड खीर बब्रुवाननं खाली मान घालून कशीबशी संपवली.

घरी त्यानं बायकोला, सत्यभामेला, सगळं सांगितलं. ती दारावरच्या नालाकडं बघून म्हणाली, "पाणी बंद झालं ना? मग गप बसा. ह्या नोकरीवर घर हाय आपलं." तिचं काही चुकत नव्हतं. बब्रुवान गप बसला. आपण बोललो तर गिरिजाबाई आपल्या हातात लेक देईल का, हा एक प्रश्न होताच. आणि नाही बोललो तर आयुष्यभर तिच्या हातची हुग्गी कशी खायची, हा दुसरा.

ठरल्या दिवशी तो गिरिजाबाईला घेऊन तामलवाडीला पोचला. रुद्रम्मा दारातच उभी होती. थोराड, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आवाज खणखणीत. विहिणीला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाली, "तुमी कोरडी म्हणता, खरं असंल. पर आधी मी बसणार."

"बसा की अम्मा," बब्रुवान म्हणाला. "पर गाडी चढाला लावून बसा."

खळ्याच्या चढावर गाडी लावली. त्यानं स्वतःच फळीवर राख भुरभुरली. रुद्रम्मा डाव्या कोपऱ्यात अनवाणी पाय टेकून देवासारखी बसली आणि दोन गडी वरून पाणी ओतायला लागले. आठ, दहा, पंधरा. विसाव्या घागरीला ती म्हणाली, "बास." बाहेर आली. तळपाय वर करून बघितले, राख कोरडी होती. बब्रुवानचा जीव भांड्यात पडला.

"कोरडं हाय," रुद्रम्मा म्हणाली. मग दाराकडं बघून म्हणाली, "म्हंजे मी म्हणत हुते तेच खरं. गाडीत खोट न्हवती. गेल्या साली पाणी आलं ते हिनं काच उघडली म्हणून."

दारात जगदेवी उभी होती. पोट पुढं आलेलं, चेहरा ओढलेला. चौकटीला धरून ती खाली बघत होती.

"कसली काच?" गिरिजाबाईनं विचारलं.

"घाटात हिनं काच खाली केली, तुळजापूरच्या आईच्या देवळाकडं हात जोडायला. हिनंच सांगितलंय मला. आन् ती चार बोटं उघडीच ठिऊन झोपली. त्यातनं पाणी भरलं. पंचमीला जाऊ नगं म्हणलं हुतं मी, हट्ट केला. आन् हट्टानं पोर घालवलं." रुद्रम्मा रागानं बोलत नव्हती. वर्षभर शेजारच्या चार जणींना सांगून सांगून तिच्या तोंडात बसलेलं ते बोलणं होतं. "आता काच घट्ट लावून बसायचं, एवढंच सांगते."

जगदेवी "व्हय" म्हणाली. इतकं हळू की जेमतेम ऐकू आलं.

बब्रुवानला काय वाटलं ते सांगायचं तर, त्याला त्या क्षणी भूमी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. त्याला वाटत होतं, दोष आपल्या एकट्याच्या उरावर आहे. इथं ही पोर वर्षभर त्याचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन भाकऱ्या थापत होती, आणि त्याला पत्ताही नव्हता. नोकरी, सत्यभामा, घर, सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तोंड आता थांबत नव्हतं.

"काचंतनं न्हाय आलं, अम्मा," तो म्हणाला. "पाणी टपातनं आलं. चार भोकं हुती. म्या पाडली हुती."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं सगळं सांगितलं. हरणी सांगितली, नाल सांगितला, मेण सांगितलं. "चैताच्या उन्हात मेण ऱ्हात न्हाय हे शेंबड्या पोरालाबी कळतंय. मला कळलं न्हाय. अक्का, तुमाला सांगायला पायजे हुतं, म्या भ्यालो. मालकालाबी अर्धंच सांगितलं." एवढं बोलून त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

गिरिजाबाई खळ्याच्या कडेला धोंड्यावर बसली.

"आन् ह्या माणसाच्या गाडीत मी सून बसवू?" रुद्रम्मा म्हणाली.

तेवढ्यात जगदेवी चौकट सोडून पायऱ्या उतरली. एक हात पोटाला लावून, सावकाश, चिखलातून वाट काढत ती बब्रुवानसमोर येऊन उभी राहिली. लहानपणी टांग्यात पुढं बसायचा हट्ट करायची तेव्हा बघायची तशी त्याच्याकडं बघत होती.

"काचंतनं न्हाय, मामा?"

"न्हाय ताई. ती काच खाली करून, तितं तांब्यानं पाणी वतायला लावून, म्या आत बसून बघितलंय. ते दाराच्या पोटातनं जातंय आन् भाईर पडतंय. तुमच्या पायाखालचं पाणी पुढनं, टपातनं, अस्तराच्या आतनं आलं. काच लावली असती तरी आलं असतं."

"एक थेंबबी काचंचा न्हवता?"

"आईची आन घिऊन सांगतो. न्हवता."

जगदेवीनं गाडीच्या दाराला हात टेकला. आणि मग ती रडायला लागली, उभ्यानंच, तोंड न झाकता. "वरीस झालं, मामा," ती म्हणाली. "रोज वाटायचं, हात जोडले न्हसते तर बरं झालं असतं. देवीला हात जोडले म्हणून माझं लेकरू गेलं, असं वाटायचं. कुणाला सांगू?"

गिरिजाबाई उठून लेकीजवळ गेली आणि तिला पोटाशी धरलं. गडी रिकाम्या घागरी घेऊन तसेच उभे. रुद्रम्मा खळ्यावर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. चूक झाली असं म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती. साठ वर्षांच्या जिभेला आता कुठून लागणार? ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्वतःच्या अंथरुणावरची जाड वाकळ होती. ती तिनं मागच्या गादीवर घडी घालून अंथरली, हातानं दाबून बघितली, आणि सुनेला म्हणाली, "पाय वर घिऊन बस. काच पायजे तर उघडी ठेव." मग बब्रुवानकडं न बघता म्हणाली, "चढाला जपून हाका."

गिरिजाबाई गाडीत बसायच्या आधी बब्रुवानजवळ थांबली. "मला आदी सांगायला पायजे हुतंस," ती म्हणाली. डोळे लाल झाले होते आणि आवाजात राग होता, खरा राग, वर्षभर तो ज्याची वाट बघत होता तो. "लई वाईट केलंस. शेटला मी सांगते, तू न्हाय सांगायचं. मुंडासं बांध आन् गाडी काढ."

घाटाच्या पायथ्याला पाऊस लागला. अगदी मागच्या सालासारखाच, तिरका आणि दाट. बब्रुवान एका हातानं चाक धरून दर वळणाला मान वळवून मागं बघत होता. जगदेवीचे पाय वाकळेवर, फळी कोरडी. पुढचं वळण, पुन्हा मान मागं. अर्ध्या घाटात मागून काच खाली केल्याचा आवाज आला. जगदेवीनं बाहेर हात काढून, पावसातच, आईच्या देवळाच्या दिशेला हात जोडले. ओले हात पदराला पुसले. काच तशीच चार बोटं उघडी ठेवली.

बब्रुवाननं पुन्हा मागं बघितलं.

"पुढं बघा, मामा," जगदेवी म्हणाली. "मागं कोरडं हाय."